तू मैदानावर का गेला नाहीस

अव्या,

त्या शनिवारी तू जिन्यावरून उठून सईकडे गेला असतास, तरी ती टीम जिंकलीच असती. हे मला तेव्हाही माहीत होतं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या एका बेसमेंटमध्ये कोण कुठल्या पायरीवर बसलंय, याचा चार तासांवरच्या मैदानातल्या चेंडूशी काही संबंध नसतो, एवढं इंजिनियर माणसाला कळतं. तुलाही कळत होतं. तरी मी 'उठू नकोस' म्हणालो आणि तू उठला नाहीस. आणि आता तू नाहीस, आणि तुझी मुलगी समजून बसली होती की बाबाला माझ्यापेक्षा टीव्ही जास्त होता.

मंडळाने अंकासाठी मला तुझ्यावर लिहायला सांगितलंय. तू गणपतीत साउंड सिस्टिम कशी सांभाळायचास, नवीन आलेल्यांना एअरपोर्टवरून कसा आणायचास, ते सगळं. ते लिहिणारे आहेत. मला बोलायचंय ते वेगळंच आहे, आणि मी मुळात बोलणारा नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार! 'आमच्या सत्याला बोलतं करायचं म्हणजे गोठलेल्या बरणीचं झाकण उघडायचं,' असं तू चारचौघांत म्हणायचास. आता झाकण उघडलंय तर तू ऐकायला नाहीस. असो. असो नाही खरं तर. असो म्हणूनच हे सगळं झालं.

अमेरिकन फुटबॉल आपल्या दोघांचाही नव्हता. 'हेल्मेट घातलेली कबड्डी' हे तुझं नाव त्याला. सई त्या युनिव्हर्सिटीत गेली, तिथल्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायला लागली, तेव्हा तुझी छाती फुगली होती. “आमच्या घराण्यात वरातीत नाचणारे पुष्कळ झाले. बँडात वाजवणारी ही पहिलीच!” हे तू मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात एकदा तरी ऐकवायचास आणि मेधावहिनी दर वेळी कपाळाला हात लावायच्या.

मग तुला कळलं की टीव्हीवर बँड दाखवतच नाहीत. हाफटाइमला बँड मैदानात उतरतो आणि नेमक्या त्याच वेळी ट्रकच्या, विम्याच्या जाहिराती सुरू होतात. तू किती चिडला होतास! “अरे, एवढी पोरं राबतात, आणि हे ट्रक विकतायत?” पण एक फट तू शोधून काढलीस. आपल्या टीमच्या पोराने चेंडू पलीकडच्या रेघेपार नेला, टचडाउन झाला, की बँड वाजतो आणि कॅमेरा क्षणभर तिकडे वळतो. त्या क्षणात कधी अर्धा ट्रॉम्बोन दिसायचा, कधी एक कोपर. “सईच ती! तिचं कोपर ओळखतो मी!” म्हणून तुला टचडाउन हवे असायचे. नियम तू त्यासाठी शिकलास. शनिवारी वर्षाची फार्मसीत ड्यूटी असते, घरात मी एकटाच, टीव्ही मोठा माझ्याकडे, म्हणून तू माझ्याकडे यायचास. हातात चिवड्याचा डबा. तीन वर्षं ती टीम हरत होती आणि तीन वर्षं आपण कोपर शोधत होतो.

यंदा सप्टेंबरमध्ये ते पायरीचं झालं. टीम हरत होती, तू कंटाळून निघालास, म्हणालास, दूध आणायचंय. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होतास आणि तेवढ्यात आपल्या टीमच्या एका पोराने चेंडू पकडला तो थेट पळतच सुटला.

“थांब! हलू नकोस!” मी ओरडलो.

“अरे, दूध...”

“मरू दे दूध. तिथेच बस.”

आणि जिंकले. लहानपणी क्रिकेटची मॅच बघताना जो जिथे बसला असेल तिथून त्याला कोणी उठू द्यायचं नाही, पार लघवीलासुद्धा. ते सगळं अंगात होतंच. पुढच्या शनिवारी तू आपण होऊन पायरीवर जाऊन बसलास. मी कोचाच्या उजव्या टोकाला. चिवड्याचा डबा तळाशी गेला तरी संपवायचा नाही. एकदा वर्षा ड्यूटीवरून लवकर आली, तुला जिन्यात उशी घेऊन बसलेला बघून म्हणाली, “भावजी, पन्नाशी उलटली तुमची. कोचावर जागा आहे.” तू म्हणालास, “वर्षा, जिंकतायत. वरून चहा दे फक्त. मला ओलांडून येऊ नकोस.” तिने जिन्याच्या वरच्या टोकाला कप ठेवला आणि मला म्हणाली, “एक वेडा घरात होताच.”

पण आपलं भांडणही व्हायचं. एक पोरगा आपटून पडला, उठेच ना, तेव्हा तू टीव्ही बंद कर म्हणालास. “वीस वर्षांची पोरं डोकी आपटून घेतात आणि आपण चिवडा खातोय. सत्या, हे बरोबर नाही.” मी म्हणालो, त्यांची त्यांना हौस आहे. तू म्हणालास, “वीस वर्षांच्या पोराला काय कळतं कशाची किंमत काय असते? ते बापाने सांगायचं.” मी उठून वर निघून गेलो. तू समजलास, खेळावरून चिडलो. तसं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये आपण चौघं गाडीने तिकडे गेलो, आठवतं? मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला बँड. शेकडो कलगीवाल्या टोप्या, सगळ्या सारख्या. दुर्बीण फिरवून फिरवून तुझे डोळे दुखायला लागले, सई काही सापडली नाही. टीमही हरली. मॅचनंतर गर्दीत ती पाच मिनिटं भेटली, घामेजलेली, आणि परत बसकडे पळाली. परतीच्या वाटेवर मी म्हणालो, “आपण यायलाच नको होतं.” गंमत म्हणून म्हणालो. तेव्हा तरी गंमतच होती.

आता ते सांगतो.

सहा मॅच जिंकल्या तर टीमला सीझन संपल्यावर आणखी एक मोठी मॅच मिळते, बोल गेम. आपल्या टीमला ती कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. पाच झाल्या होत्या, एक मॅच उरली होती. थँक्सगिव्हिंगच्या आधी आपण सामान आणायला डेव्हन ॲव्हेन्यूवर गेलो होतो. पार्किंगसाठी मी चकरा मारत होतो आणि तू म्हणालास, “शनिवारी मी नाहीये रे. सईकडे जातोय. शेवटची होम गेम ना, बँडमधल्या सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलांना आईवडिलांबरोबर मैदानात बोलावतात. माइकवर नाव पुकारतात म्हणे. आमच्या आडनावाचं काय करतील देव जाणे!”

तू हसत होतास. मी हसलो नाही.

“आणि पायरीवर कोण बसणार?” मी म्हणालो.

“वर्षाला बसव.”

“अव्या, मस्करी नाही करत मी. पाच झाल्यात. एक हवीये. ऑक्टोबरमध्ये आपण गेलो तेव्हा काय झालं? हरले तर शनिवारी संपलं सगळं. सई परत कधी ती टोपी घालणार नाही. जिंकले तर तिला अजून एक मॅच मिळते. तिकडे जाऊ ना आपण. सगळे जाऊ.”

“तू सीरियसली बोलतोयस?”

“तुझी पोरगी आहे. तू ठरव.”

हे वाक्य मी मुद्दाम वापरलं, हे आज लिहून ठेवतो. तू माझ्याकडे बघत राहिलास. मग समोरची एक गाडी निघाली आणि तू ओरडलास, “तो बघ, निघतोय, घाल घाल!” मी गाडी घातली. मिठाईच्या दुकानात तू दोन पाउंड पेढे बांधून घेतलेस, तिच्या बँडच्या मुलांसाठी. पैसे देताना मला म्हणालास, “मेधा घेऊन जाईल.” एवढंच. मला कळलं की तू जात नाहीयेस. आणि मला बरं वाटलं, अव्या. किती बरं वाटलं, ते तुला सांगायलाच हवं.

टीमशी त्याचा काही संबंध नव्हता. माझा निनाद त्याच युनिव्हर्सिटीत होता. सगळ्यांना आम्ही सांगितलं, त्याने ट्रान्सफर घेतली, टेक्ससला गेला. ट्रान्सफर वगैरे काही नाही. कॉलेज अर्ध्यात सोडलं त्याने. सोडायच्या आधी त्याने मला फोन केला होता, जमत नाही म्हणाला होता, आणि मी त्याला जे बोललो ते इथे लिहिणार नाही. ते त्याच्या मालकीचं आहे. तो टेक्ससमध्येच, प्लेनोला मित्रांबरोबर राहतो. आईला फोन करतो. मी घरात असेन तर ती बाहेर गॅरेजमध्ये जाऊन बोलते. त्या मैदानावर माझंही नाव कधीतरी कसल्या तरी निमित्ताने पुकारलं जाईल, असं मी कोणे एके काळी धरून चाललो होतो. आता तुझं पुकारणार, आणि मी एकटा कोचाच्या उजव्या टोकाला बसून मॅच बघणार. मला ते सोसलं नसतं. म्हणून मी पायरी पुढे केली. पायरी सोयीची होती.

मॅच शेवटच्या किकपर्यंत गेली. तू डोळे गच्च मिटून घेतले होतेस. “झालं?” “थांब.” “झालं का रे?” “झालं! गेली आत!” तू पायरीवरून उठलास आणि मला मिठी मारलीस. मग लगेच सईला फोन. मागे केवढा गोंगाट होता! “सई! बोल गेम! आता आपण सगळे येणार! अगं, मी पायरीवरून हललो नाही, म्हणून...” स्पीकरवर तिचा आवाज आला, अगदी शांत. “यू वेअरंट हिअर, बाबा.” आणि फोन बंद.

तू फोनकडे बघितलंस. म्हणालास, “दमली असेल.” डबा उचललास आणि जिना चढून गेलास.

त्यानंतर ती तुझ्या मेसेजना एका अक्षराने उत्तर द्यायची. पुढच्याच आठवड्यात पहिला मोठा स्नो पडला. तू ड्राइव्हवे साफ करायला उतरलास आणि तिथेच कोसळलास. वहिनींचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो, पळत आलो, ॲम्ब्युलन्स निघाली होती. तुझा एक हातमोजा स्नोमध्ये पडला होता, तो मी उचलून खिशात घातला. अजून माझ्याच कोटात आहे. परत द्यायचा कोणाला आणि काय सांगून, हे कळत नाही.

तेराव्याला सगळे गेल्यावर सई सिंकपाशी भांडी घासत होती. मी शेजारी उभा राहून पुसत होतो. ती म्हणाली, “ही चोज अ टीव्ही ओव्हर मी, काका. इट्स फाइन.” रडली नाही. बोल गेमला जाणार नाही, बँडचा युनिफॉर्म परत देऊन टाकणार, हेही तिथेच म्हणाली.

मी काय बोललो असेन? “तसं नसतं गं.” तसं नसतं गं! आणि कचऱ्याची पिशवी बांधून बाहेर टाकायला गेलो. बाहेर थंडीत बराच वेळ उभा राहिलो. आत जाववेना.

दुसऱ्या दिवशी वहिनींकडे गेलो. म्हटलं, निदान त्यांना सांगू. मी कशीबशी सुरुवात केली, पायरी, डेव्हन, सगळं. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“भावजी, पायरीचं खूळ मला माहीत आहे. मी अविनाशला म्हटलं होतं, पुरे झाला वेडेपणा, गाडीत बस. तर म्हणाला, तू डेव्हनला सत्याचा चेहरा बघितला नाहीस. निनादचं काय झालंय ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. त्याच मैदानावर माझं नाव पुकारणार आणि हा इथे एकटा बसून मॅच बघणार. नको. बोल गेमला जाऊ की. सईला मी समजावेन, तू काही बोलू नकोस.”

तुला माहीत होतं.

मला आधी तुझा राग आला, खरं सांगतो. माहीत होतं तर बोलला का नाहीस? गाडीत तू माझ्याकडे बघत होतास तेव्हा एकदा 'निनाद कसा आहे रे' एवढं विचारलं असतंस, तर मी... तर मी 'मजेत' म्हणालो असतो. बरोबर आहे. विचारून काय होणार होतं! आणि मग दुसरा विचार आला आणि तो अजून जात नाही. सईला मी समजावेन, असं तू म्हणाला होतास. ते राहून गेलं. तुझं ते एक काम राहिलं, आणि ते करू शकणारा माझ्याशिवाय कोणी नव्हता.

युनिफॉर्म परत द्यायला सई जाणार होती. मी वहिनींना म्हणालो, मी सोडतो. दुपारची वेळ, दोन्ही बाजूंना कापलेली मक्याची शेतं, त्यावर स्नो. मागच्या सीटवर तिच्या युनिफॉर्मची लांबलचक बॅग. दोन तास मी हवेबद्दल बोललो. मग म्हणालो, “सई, बाबा त्या दिवशी का आला नाही, ते मला माहीत आहे.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

मी सांगितलं. पायरी कशी झाली, ऑक्टोबरमध्ये आपण गेलो तेव्हा कशी टीम हरली, तिला एक मॅच जास्त मिळावी म्हणून तू कसा उठला नाहीस. तिने मान वळवली. “फॉर मी?” तिचा चेहरा एकदम लहान झाला. “दॅट्स सो स्टुपिड,” म्हणाली, आणि रडायला लागली, पहिल्यांदाच. आणि अव्या, मी तिथे थांबू शकत होतो. खोटं नव्हतं ते. तू तिच्यासाठीही बसला होतास. तिला तेवढं पुरलं असतं, मला तर पुरून उरलं असतं. पुढचं सांगितलं तर ती म्हणेल, बाबाने माझ्याऐवजी तुम्हाला निवडलं. म्हणजे तुझं काम करायला जाऊन मी ते मोडूनच ठेवीन. काही मैल मी हाच विचार करत होतो. पण तिने टिश्यूने नाक पुसलं आणि म्हणाली, “थँक यू, काका, फॉर टेलिंग मी.” ते थँक यू मला घेता येईना.

मग उरलेलं सांगितलं. निनादचं. डेव्हनचं. 'तुझी पोरगी आहे, तू ठरव,' हे वाक्य जसंच्या तसं. वहिनी म्हणाल्या तेही.

“पुल ओव्हर,” ती म्हणाली.

एका गॅस स्टेशनवर गाडी घातली. ती कोट न घालता उतरली आणि पंपाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. मी गाडीतच बसलो. उतरून जावं तर काय म्हणावं, आणि न जावं तर तिला थंडी वाजतेय. हीटर वाढवला. काय बावळटपणा, ती बाहेर आणि मी आतला हीटर वाढवतोय.

ती परत आली, दार लावलं. दात वाजत होते.

“सो, ही न्यू. तुम्ही खोटं बोलताय हे त्याला कळलं होतं.”

“हो.”

“आणि तरी तो राहिला. कारण तुम्ही सॅड होतात.”

“हो.”

ती हसली, रडता रडताच. “दॅट्स सो बाबा. ओह माय गॉड. दॅट्स सो बाबा.” मग विचारायला लागली. त्या शेवटच्या किकला काय केलं त्याने? ओरडला? मी म्हणालो, नाही गं, डोळे मिटून बसला होता, झालं का, झालं का, विचारत होता. तिने पुन्हा सांगायला लावलं. मग तिच्या कोपराचं सांगितलं, ते तिला माहीतच नव्हतं. कॅम्पस येईपर्यंत ती विचारत राहिली आणि मी, जन्मात बोललो नसेन इतका, बोलत राहिलो. हॉस्टेलपाशी तिने मागची बॅग काढली, खांद्यावर टाकली. म्हणाली, ऑफिसात नाही जात, रूमवरच नेते. बँडची बस कधी निघते ते विचारून घेते.

मी उतरलो. वाटलं, आता ही नेहमीसारखी वाकून नमस्कार करेल, नाहीतर मिठी मारेल.

“काका, आईला सांगा बोल गेमला यायला. तुम्ही नका येऊ. प्लीज. आय कान्ट. नॉट यू.”

“बरं,” मी म्हणालो.

तिने तुझ्यावरचा राग सोडला, अव्या. माझ्यावरचा धरलाय. मला एवढंच हवं होतं, असं एक छान वाक्य मी लिहून ठेवलं होतं इथे, ते खोडलं. मला तिने माफ करायलाही हवं होतं. नाही केलं. हा लेख छापायच्या आधी तिला आणि वहिनींना वाचायला पाठवला. वहिनींनी दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून दिलं. सईने लिहिलं, “ओके. डोन्ट चेंज इट.”

त्या दिवशी सईला सोडून परतताना त्याच गॅस स्टेशनवर थांबलो. अंधारायला लागलं होतं. गाडीत बसून निनादला फोन लावला. तो उचलेल असं वाटलं नव्हतं.

“काय झालं?” त्याने विचारलं. माझा फोन आला म्हणजे काहीतरी झालेलंच असणार, असं त्याला वाटतं. चूक त्याची नाही.

“अविनाशकाका...”

“आईने सांगितलं.” मग म्हणाला, “सई कशी आहे? शी ओके?”

ठीक आहे, असं तोंडावर आलं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “आणि ते माझ्यामुळे. आणि ते तुझ्यापासून सुरू होतं. म्हणजे तुझी चूक नाही, माझी. सांगू का?”

तो हो म्हणाला नाही. पण फोनही ठेवत नव्हता, म्हणून मी सांगायला लागलो.